निबाल्दोचा पट्टा आणि ताऱ्याचा वारा

निबाल्दोच्या पट्ट्याला तिसरं भोक मीच पाडलं. खिळा चुलीत लाल केला, चामडं पाटावर धरलं आणि दाबलं. धूर निघाला, जळका वास सुटला. पहिलं भोक वेलींना डोळे फुटले तेव्हाचं, दुसरं नाताळाच्या आसपासचं. आता द्राक्षतोडणी निम्मी व्हायची होती आणि हे तिसरं.

"मावशे, चामडं जुनं झालं की सैल पडतं गं," तो म्हणाला.

"हो ना. चामडं सैल पडतं, विजार सैल पडते, सदरा सैल पडतो. तूच तेवढा आहेस तसा आहेस."

तो हसला आणि चौथा पाव उचलला. मला खरी धास्ती बसली होती ती त्या पावाचीच. न जेवणारा माणूस वाळला तर समजू शकते मी. हा दोन गड्यांचं जेवायचा. कोंबडीचा रस्सा, त्यातला मक्याचा अख्खा तुकडा, वर शेळीचं चीज, वर पाव, आणि तासाभरानं परत कपाटाशी. एवढं जाऊन सगळं कुठे जायचं देव जाणे. गालफडं बसलेली, डोळे मात्र मोठे, चकचकीत, जसे तापातल्या पोराचे असतात तसे. शरदाच्या थंडीत मी शाल लपेटून बसायची आणि हा खिडकी उघडी टाकून, सदऱ्याची बटणं सोडून. कपात चहा दिला की बशी खुळखुळ वाजायची.

माझी धाकटी बहीण आउदोलिया, म्हणजे निबाल्दोची आई, पोटाच्या गाठीनं गेली. तीही घागरे कमरेला टाके घालून आत घेत होती. विचारलं की "जेवले गं पोटभर" म्हणायची, आणि आम्ही तिला डॉक्टरकडे नेईपर्यंत न्यायला काही उरलं नव्हतं. निबाल्दोचे तेव्हा दुधाचे दात पडत होते. तेव्हापासून तो माझा. मला स्वतःचं मूल झालं नाही, आणि आउदोलियाचं मला मिळालं. देवाचा हिशेब मला कधी कळला नाही, मी विचारायलाही गेले नाही.

आता निबाल्दो कोण ते सांगते. आमच्या खोऱ्याच्या माथ्यावर वेधशाळा आहे. खालून पाहिलं तर उघड्या डोंगरावर कुणी अंडी मांडून ठेवल्यासारखे पांढरे घुमट. निबाल्दो तिथे ताटं धुवायला लागला. मिसरूड फुटलं नव्हतं. पुढे घुमट फिरवायला हात कमी पडला म्हणून कुणी हाक मारली, आणि तो वर गेला तो ताटांकडे परतलाच नाही. त्या काळी दुर्बिणीला डोळा लावून तारा दोन रेघांच्या मधे धरून ठेवावा लागे, तासन्‌तास. थंडीनं डोळ्यातलं पाणी पितळेला चिकटायचं. म्हणायचा, "मावशे, तारा म्हणजे शेळी आहे. लक्ष हटलं की कुंपणाबाहेर." आता सगळं यंत्र करतं, पण घुमट उघडायचा, बंद करायचा, दुर्बीण रोखायची, वारा वाढला की निर्णय घ्यायचा, हे अजून माणसाचं काम. आठवडाभर वर, आठवडाभर खाली. वर असला की दिवसा झोपतो. लग्न झालं नाही. जगाची सकाळ झाली की ज्याची रात्र होते, त्याच्याशी कोण संसार करणार? दोघी-तिघींनी प्रयत्न केला, नाही म्हणायला.

आणि त्याचा एक तारा आहे. खरं तर जोडी आहे. क्रॉस नावाच्या दक्षिणेकडच्या नक्षत्राजवळ, आकाशगंगेच्या दाट भागात. ऐन उमेदीत त्यानं हा तारा पहिल्यांदा रेघांमधे धरला आणि तेव्हापासून त्याच्या तोंडी तोच. माझ्या मळायच्या पाटावर पीठ पसरलेलं असताना एकदा त्यानं त्यात बोटानं एक टेकडी काढली आणि टेकडीच्या डाव्या अंगाला एक खड्डा.

"हे काय?"

"ताऱ्याचा उजेड फोडला की रंगांची पट्टी होते ना, त्यात हे दिसतं. ही टेकडी म्हणजे ताऱ्याभोवतीचा वायू, तो चमकतो. आणि हा खड्डा म्हणजे त्या वायूतला आपल्या दिशेनं येणारा भाग. मधे आडवा येऊन उजेड गिळतो."

"आपल्या दिशेनं काय येतंय?"

"वारा. ताऱ्याचा वारा. असले तारे इतके गरम असतात, मावशे, की त्यांचा उजेडच त्यांची साल उडवतो. पापणी लवेपर्यंत सान्तियागो ओलांडून जाईल इतक्या वेगानं. दर वर्षाला आपल्या पृथ्वीसारख्या दोन-तीन पृथ्व्या नुसत्या उडून जातात."

"उजेड कधी ढकलतो का रे? माझ्या कंदिलानं मला आयुष्यात ढकललं नाही."

"तू ढकलली जाणारी नाहीस हे सगळ्या गावाला माहीत आहे," तो म्हणाला. मग जरा विचार करून, "अंदाकोयोच्या यात्रेतली गर्दी आठव. रेटा चार धटिंगणांनाच बसतो, पण हातात हात धरलेले सगळेच ओढले जातात. तसंच. उजेड पकडतात ते लोखंडासारखे थोडेच कण. पण ते बाकीच्या सगळ्यांना घेऊन जातात."

मी टेकडीवर आणखी पीठ टाकलं आणि मळायला घेतलं. तेव्हा तो धष्टपुष्ट होता, आणि मला ती सगळी गंमत वाटली होती.

तर त्या जोडीतले दोन तारे काही वर्षांनी एकदा एकमेकांच्या अगदी जवळून जातात. तेव्हा दोघांचे वारे एकमेकांवर आदळतात. मागच्या वेळी ऐन भेटीत आठवडाभर ढग होते. ही भेट या एप्रिलमधे होती, म्हणजे आमच्या दक्षिणेकडे ऐन शरदात. आणि हिवाळा सरला की वेधशाळेची माणसं डोंगरावरून उतरणार होती. शहरात एक खोली केलीय, तिथून पडद्याकडे बघून दुर्बीण चालवायची. म्हणजे घुमटाखाली उभं राहून हे बघायचं तर हीच वेळ.

म्हणूनच निबाल्दो तपासणी चुकवत होता. डोंगरावर काम करणाऱ्यांना दर वर्षी डॉक्टरकडून कागद आणावा लागतो, की याचं काळीज उंची सोसतं. यानं आधी सर्दीचं कारण दिलं, मग डॉक्टर रजेवर, मग गाडी बिघडली.

"गाडी बिघडली? तुझी गाडी तर शेजारच्याच्या पोरीला काल लग्नाला घेऊन गेली."

"मावशे, भेट होऊ दे. मग नेशील तिथे येतो. तू म्हणशील तर पाद्र्याकडेसुद्धा."

"तुझी आईही असंच म्हणायची. द्राक्षं होऊ देत, मग येते."

त्यानं पट्टा ओढून घट्ट केला. मग हळूच म्हणाला, "मला माहीत आहे मला काय झालंय ते. म्हणूनच आधी हे बघू दे."

त्या वाक्यानंतर मला झोप अशी लागलीच नाही. त्यानंही मनात तेच धरलं होतं जे मी धरलं होतं, आईसारखी गाठ, आणि आम्ही दोघं एकाच टेबलाशी बसून ते एकमेकांपासून लपवत होतो.

मला जे येतं ते मी केलं. खायला घातलं. आमच्याकडे किनाऱ्यावरून कोचायुयोच्या जुड्या येतात. समुद्रातलं शेवाळ ते, वाळलं की चामड्याच्या पट्ट्यांसारखं होतं. भिजवून बटाट्याबरोबर शिजवायचं. माझी आई म्हणायची, अंथरुणातला माणूस कोचायुयोनं उठून नांगर धरतो. मी रोज एकदा तेच करायला लागले. मुटक्यात, रश्शात, कोशिंबिरीत. आणि त्याच्या पिशवीत भाजलेले तुकडे द्यायची, वर चघळायला. तोही भाबडा, खायचा. आणि पट्टा सैल होत जायचा.

भेटीच्या आठवड्यात तो वर गेला. सोमवारी सकाळी सुनिल्दाचा फोन आला. सुनिल्दा वेधशाळेच्या स्वयंपाकघरात आहे, आम्ही एका गल्लीत वाढलो, आणि ती फोनवरसुद्धा कुजबुजते, इतकी तिथली सवय.

"एर्मोसिना, मी सांगितलं म्हणू नकोस हं."

"काय ते बोल आधी."

"काल तो घुमटाच्या जिन्यात बसला होता. अर्ध्यावर. घामानं चिंब. मी म्हटलं, काय रे? तर म्हणतो, बुटाची नाडी बांधतोय. अगं, त्याच्या बुटाला नाड्याच नाहीत!"

भाजीची गाडी दर सोमवारी वर जाते. मी शाल घेतली, पावाची पिशवी घेतली आणि चालकाच्या शेजारी जाऊन बसले. तो म्हणाला, "आजी, परवानगी लागते." मी म्हटलं, "मग विचार जाऊन माझ्या मेलेल्या नवऱ्याला, तोच मला परवानगी द्यायचा." पुढे वळणावळणाला मी डोळे मिटले ते दरीच्या भीतीनं नाही. मनात एकच येत होतं, आपण पोहोचू तेव्हा काय ऐकायला मिळेल.

वर दिवसा सगळं निपचित. झोपणाऱ्यांच्या खोल्यांना काळे पडदे, दारांना गाद्यांसारखी पट्टी, भिंतीवर ओठांवर बोट ठेवलेल्या बाईचं चित्र. मी त्याच्या दाराशी उभी राहिले. आतून काही आवाज येत नव्हता. झोपलेल्याचा आवाज येत नाही आणि मेलेल्याचाही येत नाही. कान दाराला लावला. सुनिल्दानं मला दंडाला धरून ओढत स्वयंपाकघरात नेलं.

"घोरतोय तो. मी तासातासाला ऐकून येते. बस इथे. कांदा चीर, म्हणजे रडलीस तरी कुणी विचारणार नाही."

तिथे लोक दुपारी सकाळ करतात. हळूहळू एकेक जण डोळे चोळत आला. त्यात एक मुलगी होती, केस ओले, दोन वेगळ्या रंगांचे मोजे. ती मियाराय. ताऱ्यांची डॉक्टर, दक्षिणेकडच्या पावसाळी गावची. हिच्यासाठीच निबाल्दो तो तारा धरून ठेवतो. माझं नाव ऐकताच उठून तिनं गालाला गाल लावला.

"तुम्ही त्या मावशी! टेकडीवर पीठ टाकणाऱ्या!"

"सांगितलंन वाटतं तेही."

"सगळ्यांना सांगतात ते."

मी तिच्यापुढे पाव ठेवला. मग जे विचारायचं होतं ते सरळ विचारता येईना, म्हणून ताऱ्याबद्दल विचारलं. "बाळ, हा तुमचा तारा एवढा रोज झडतोय, तर तो बारीक दिसायला लागतो का?"

"आपल्याला नाही दिसत, आजी. खूप मोठा आहे तो. पण आतून बदलतो. वरचे थर गेले की आतला भाग उघडा पडतो, आणखी गरम, आणखी जोराचा वारा."

"मग खायला कुठून आणतो?"

"आणत नाही. स्वतःचंच खातो. छोटे तारे संथ जळतात, फार जगतात. हे मोठे, गरम..." ती थांबली. पावावर लोणी लावताना तिचा हात थांबला. मला वाटतं तेव्हा तिला कळलं की मी कशाबद्दल विचारतेय. "हे लवकर संपतात," ती खाली बघून म्हणाली. खोटं बोलली असती तर मला ती कमी आवडली असती.

"तुलाही दिसतंय ना?"

"दिसतंय. मी दोनदा म्हटलं त्यांना. म्हणाले, भेट झाल्यावर." मग अगदी लहान आवाजात, "आणि आजी, मला ते आज हवे आहेत. हे बोलायला बरं वाटत नाही. पण खरं आहे."

तेवढ्यात निबाल्दो आला. दारात मला बघून थबकला, मग सुनिल्दाकडे असं पाहिलं की ती लगेच फडताळात डोकं घालून काहीतरी शोधायला लागली.

"बुटाला नाड्या आणल्यात," मी म्हटलं.

"मावशे, इथे हवा विरळ आहे, तुझं ब्लडप्रेशर..."

"माझं ब्लडप्रेशर माझ्याजवळ राहू दे. तू बस."

तो बसला. सुनिल्दानं चहा ठेवला. त्यानं कप उचलला आणि बशी वाजायला लागली. घरी मी एकटीच ऐकायची तो आवाज. इथे टेबलावरच्या सगळ्यांनी ऐकला. पलीकडे बसलेला सेगुंदो उठला. वेधशाळेच्या दवाखान्याची खोली तोच सांभाळतो. तपासणीची टाळाटाळ चालली होती ती त्याच्याचपासून. त्यानं कप काढून घेतला आणि मनगट धरलं.

घड्याळाकडे बघत राहिला. परत पहिल्यापासून मोजलं.

"पळत आलास?"

"खुर्चीत बसलोय, दिसत नाही का?"

"मला खुर्ची दिसतेय. तुझं काळीज कुठल्या कुठे पळतंय. मधेच ठेचकाळतंय पण." त्यानं मनगट सोडलं. "गाडी काढतो. आत्ता."

"आज नाही."

"निबाल्दो..."

"उद्या पहाटे ने. बांधून ने. आज नाही." तो उठलाच. "सूर्य कलला. घुमट उघडून हवा खेळवायची वेळ झाली. तुम्ही बसा गप्पा मारत."

आणि निघाला. मी मागे. सेगुंदो माझ्या मागे, मियाराय त्याच्या मागे. घुमटाच्या जिन्यात मी एका हातानं कठडा धरला होता आणि दुसऱ्या हातानं त्याच्या सदऱ्याची मागची किनार, जसा तो लहानपणी माझा घागरा धरायचा. सदऱ्यात पाठीचा कणा बोटाला लागत होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मधल्या पायरीवर तो थांबला नाही, पण थांबावंसं वाटल्याचं मला कळलं.

आत थंड, अंधारी जागा, मधे ती दुर्बीण, मोठी, झाकलेली. भिंतीजवळ उंच शिडीवर येर्का चढली होती, घुमट ज्या कड्यावर फिरतो त्याला वंगण लावत. येर्काही दुर्बीण चालवते. निबाल्दोनंच तिला शिकवलेलं.

"काका, झालंच," ती वरून म्हणाली. "आज मावशींना पण घेऊन आलात? ताऱ्याशी लग्नाची बोलणी करायची का?"

"सुट्टी दिली की जीभ लांब होते तुझी," निबाल्दो म्हणाला. त्यानं भिंतीवरून लोंबणारी बटणांची पेटी हातात घेतली. आकाशाकडची फट उघडायचं बटण वर, घुमट फिरवायचं खाली. इतकी वर्षं त्यानं ती पेटी न बघता वापरली होती. मी त्याच्या हाताकडे पाहत होते. अंगठा वरच्या बटणावर गेला, थरथरला, घसरला.

घंटा वाजली आणि अख्खा घुमट फिरायला लागला.

शिडी त्या फिरत्या घुमटालाच टेकलेली. ती कलंडायच्या आधी येर्कानं उडी मारली. गुडघ्यांवर पडली. शिडी तिच्या मागे दाणकन आदळली आणि घुमटात तो आवाज कितीतरी वेळ घुमत राहिला. निबाल्दोनं तोवर घुमट थांबवला होता, दोन्ही हातांनी पेटी धरून.

येर्का उठली. हात झटकले. पांढरीफटक पडली होती, पण तोंड सुरूच. "काका, भिंतीवर चिकटवायचं होतं तर आधी सांगायचंत. चांगले कपडे घालून आले असते."

कुणी हसलं नाही. तीही नाही.

या लोकांची एक रीत आहे, मला ती तेव्हा कळली. घुमट एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातो तेव्हा नुसती पेटी देत नाहीत. देणारा म्हणतो, 'घुमट तुझा.' घेणारा म्हणतो, 'घुमट माझा.' ते म्हटल्याशिवाय कुणी बटणाला हात लावत नाही. आणि ज्याला आपल्या हाताचा भरवसा नाही त्यानं स्वतःहून द्यायचा, मागायची वेळ येऊ द्यायची नाही. हा नियम येर्काला शिकवला होता तो निबाल्दोनंच, हे तिनं मला नंतर सांगितलं.

तो पेटीकडे बघत राहिला. मियारायनं तोंडावर हात धरला होता. मीही बोलले नाही. जन्मात पहिल्यांदा गप्प राहिले असेन. मला भीती वाटत होती की मी काही बोलले तर तो हट्टाला पेटेल.

"येर्का."

"हां काका."

"घुमट तुझा."

तिनं लगेच पेटी घेतली नाही. आधी विजारीला हात पुसले, वंगण निघेपर्यंत. मग घेतली.

"घुमट माझा," ती म्हणाली, आणि तेव्हा तिला रडू फुटलं.

सेगुंदोची गाडी डोंगर उतरली तेव्हा सूर्य बुडाला होता. वेधशाळेच्या हद्दीत मोठे दिवे लावत नाहीत, दुर्बिणींना त्रास होतो. दोन मिणमिणत्या बत्त्यांवर आम्ही दरीच्या कडेनं सरकत होतो. निबाल्दो मागे आडवा, डोकं माझ्या मांडीवर. माझा हात त्याच्या छातीवर. आत कुणी दार ठोठावतंय आणि मधेच विसरतंय, असं वाटत होतं. तो खिडकीतून वर बघत होता.

"उगवलाय का?" मी विचारलं.

"वरच असतो तो या दिवसांत. दिसायला जरा वेळ आहे." मग म्हणाला, "मावशे, मी येर्काला मारलं असतं."

"मारलं नाहीस."

"आईचंच झालंय ना मला?"

खोटं बोलायला मला कधी जड गेलं नाही, पण त्या गाडीत गेलं. मी म्हटलं, "मला ठाऊक नाही, राजा."

शहरातल्या इस्पितळात त्यांनी रक्त घेतलं, छातीला तारा लावल्या, पोट दाबून पाहिलं. मी बाकावर बसून पावाच्या पिशवीचे बंद सोडत होते आणि बांधत होते. शेवटी एक तरुण डॉक्टर आली. तिनं पोटाचं नाव काढलंच नाही. निबाल्दोच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली आणि त्याला गिळायला सांगितलं.

"इथे थायरॉइडची ग्रंथी असते, आजी. ती बेफाम सुटलीय. शरीर आतल्या आत जळतंय. म्हणून गरम होतं, हात थरथरतो, काळीज धावतं, कितीही खाल्लं तरी झडतं."

"म्हणजे गाठ नाही?"

"नाही. पण आणखी उशीर झाला असता तर काळजानं दगा दिला असता." ती लिहायला लागली. "खायला काय देता?"

इथे मी ताठ बसले. "सगळं देते. आणि ताकदीसाठी कोचायुयो. रोज."

तिचं पेन थांबलं. "रोज?"

"शिवाय भाजलेलं वेगळं, पिशवीत."

"आजी," ती म्हणाली, आणि हसू दाबताना तिच्या नाकपुड्या फुगल्या, "त्यात आयोडीन ठासून भरलेलं असतं. या आजारात ते देणं म्हणजे जळत्या घरात रॉकेल ओतणं. आजार तुमच्यामुळे नाही झाला. पण तुम्ही त्याला चांगलं जेवू घातलंत."

निबाल्दो खाटेवर हसायला लागला. हसता हसता त्याला धाप लागली आणि नर्सनं मला बाहेर काढलं. गाठ नाही हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. मी बाहेर उभी राहून रागानं कोचायुयोला शिव्या घातल्या.

ताऱ्यांची भेट त्याच आठवड्यात झाली. आकाश स्वच्छ होतं. येर्कानं घुमट धरला, मियारायला जे हवं होतं ते सगळं मिळालं, आणि निबाल्दो तेव्हा काळजाच्या वॉर्डात भिंतीकडे तोंड करून पडला होता. येर्कानं फोनवर सांगितलं, टेकडी फुगली, खड्डा भरत गेला. त्यानं ऐकून घेतलं. वारा किती होता, आपला, डोंगरावरचा, एवढंच विचारलं, आणि फोन मला परत दिला. पुढे बरेच दिवस त्यानं त्या ताऱ्याचं नाव घेतलं नाही.

हिवाळाभर गोळ्या. कोचायुयोच्या उरलेल्या जुड्या मी सुनिल्दाला देऊन टाकल्या. काळीज ताळ्यावर आलं, थरथर कमी झाली, पण वजन काही धरेना, आणि दर तपासणीला माझा जीव टांगणीला. अंगातलं आयोडीन उतरल्यावर, वेली पुन्हा फुटल्या तेव्हा, त्याला ते दुसरं औषध दिलं. ग्रंथी जाळणारं. ते प्यायलं की माणूसच काही दिवस किरणं टाकतो म्हणे, कुणी जवळ जायचं नाही. निबाल्दोनं अंगणापलीकडच्या मनुका वाळवायच्या खोलीत अंथरूण टाकलं. मी द्राक्षाच्या मांडवाखाली माझ्या खुर्चीत, तो तिकडे बाकावर. मधे कोंबड्या.

"जवळ येऊ नकोस हं मावशे," तो ओरडला. "आता माझाच वारा सुटलाय."

"मला ढकलणारा अजून जन्मायचाय, तूच म्हणाला होतास."

कितीतरी महिन्यांनी तो असं काही बोलला होता. संध्याकाळ झाली होती. मी ताट लांब फळीवर ठेवून, भट्टीत पाव सारतो तशी ती फळी बाकाकडे सरकवली. रस्सा, पाव, शेळीचं चीज. तो जेवायला लागला आणि मी सवयीनं त्याच्या हाताकडे बघत राहिले.

"तो तारा कुठे असतो रे आता?"

त्यानं चमच्यानं दक्षिणेकडचा डोंगर दाखवला. "त्या कड्याच्या मागे. या दिवसांत संध्याकाळी खाली असतो." मग पायाच्या अंगठ्यानं धुळीत टेकडी काढली, डावीकडे खड्डा. "मियाराय म्हणते पुढच्या भेटीला मला बोलावेल. शहरातल्या खोलीत. पडद्यावर."

"जाशील?"

"काळीज असलं तर." त्यानं खांदे उडवले. "तू असशील का?"

"मला काय धाड भरलीय? मी छोटी आहे, संथ जळते."

तो हसला. थोडा आणखी जेवला. मग त्यानं फळीवर ताट ठेवलं आणि पायानं फळी माझ्याकडे लोटली.

"पुरे," तो म्हणाला.

पुरे. वर्षभरात या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता. एरवी मी वाढलेलं कुणी ताटात उरवलं तर मी त्याचं नाव टाकते. त्या संध्याकाळी मी उठून काठीनं फळी ओढून घेतली, आणि अंधार पडेपर्यंत त्या ताटातल्या अर्ध्या उरलेल्या पावाकडे बघत बसले.